दहावा माणूस



सामुदायिक उपासनेत व्यक्तीने समूहात विरघळून जावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. यहुदी परंपरेने या प्रश्नाचा निराळा विचार केला आहे.

सिनेगॉगमधील प्रार्थनेचे काही भाग, उदाहरणार्थ तोराचे जाहीर वाचन किंवा दिवंगतांसाठी म्हटले जाणारे कद्दिश, दहा प्रौढ उपस्थित असल्याखेरीज होत नाहीत. या दहांच्या समूहास ‘मिन्यान’ म्हणतात. परंपरेने त्यात १३ वर्षांवरील पुरुषच धरले जातात. अमेरिकेतील कन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ मध्ये स्त्रियांनाही धरण्यास मान्यता दिली. नऊ पंडित जमले तरी मिन्यान होत नाही. दहावा निरक्षर असला तरी त्याच्या येण्याने ते पूर्ण होते. माणसे अंकांनी मोजू नयेत असा संकेत असल्यामुळे दहा शब्दांचे एक स्तोत्रवचन म्हणत एकेकाला एकेक शब्द दिला जातो. एक शब्द गळला, तर वचन अपुरे राहते.

मात्र सर्वांचे देणे एकसारखेच असते, असे नाही. ‘निर्गम’ ग्रंथात अर्ध्या शेकेलची वर्गणी सांगितली आहे. ती श्रीमंताने अधिक देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये. त्याच ग्रंथात उपासनामंडप उभारताना ज्याच्या मनाने घेतले ते त्याने आणले. कोणी सोने दिले, स्त्रियांनी शेळ्यांचे केस कातून दिले.

प्रार्थनेतही हीच दृष्टी आहे. ‘अमिदा’ ही प्रार्थना प्रत्येक जण प्रथम उभ्याने, पुटपुटत म्हणतो. नंतर प्रार्थनाप्रमुख ती मोठ्याने म्हणतो. शब्द ठरलेले आणि बहुतांशी ‘आम्हांला’ असे अनेकवचनी. त्यांमागील चित्ताचे अवधान, म्हणजे ‘कवाना’, मात्र ज्याचे त्याचे. मंदिरातील धूपाच्या अकरा द्रव्यांत एक दुर्गंधी द्रव्यही होते. त्यावरून तालमूद सांगते, की पाप्यांना वगळून केलेला सामुदायिक उपवास हा उपवासच नव्हे.

आपल्या मराठीतच वाढलेल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाने १७९६ मध्ये मुंबईत आपले पहिले सिनेगॉग उभारले. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले आणि गावोगावी दहा माणसे जमणे दुर्घट झाले. नऊच जमले, तर पुत्राला पित्यासाठी कद्दिश म्हणता येत नाही. ‘माझ्यावाचून काय अडले आहे?’ असे म्हणून घरी बसणाऱ्याला एवढे उत्तर पुरे आहे.