चित्रकार आणि मेंदूशास्त्रज्ञ : मनाच्या शोधातील सहकार्य

प्रस्तावना :
चित्र काढताना मनात नेमके काय घडते, हा प्रश्न चित्रकाराचा आहे तसाच शास्त्रज्ञाचाही आहे. चित्रकार त्याचे उत्तर अनुभवातून शोधतो, तर मेंदूशास्त्रज्ञ मापनातून. लंडनमधील शास्त्रज्ञ समीर झेकी यांनी १९९० च्या दशकात दृश्यकला व मेंदू यांच्या संबंधाचा अभ्यास हाती घेतला आणि त्यातून ‘न्यूरोएस्थेटिक्स’ ही ज्ञानशाखा आकारास आली. प्रस्तुत लेखात अनुभव व मापन या दोन्ही मार्गांची परस्परांना असलेली गरज स्पष्ट केली आहे.

अनुभवाची नोंद :
मराठीत या अनुभवाची महत्त्वाची नोंद चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांनी केली. घड्याळ, पान, फळ अशा नित्याच्या वस्तू रिकाम्या अवकाशात मांडणाऱ्या बरव्यांनी रोजनिशीत आपल्या विचारप्रक्रियेच्या नोंदी ठेवल्या. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या ग्रंथात त्यांनी वस्तू, आकार, अवकाश व चित्र यांच्या नात्याचा विचार केला. तथापि, आत्मनिरीक्षणाला मर्यादा असतात. डोळा कोठे व किती वेळ स्थिरावला, यासारख्या अनेक क्रिया जाणिवेच्या पातळीवर येतच नाहीत.

मापनाचा प्रयत्न :
ब्रिटिश व्यक्तिचित्रकार हम्फ्री ओशन यांनी शास्त्रज्ञांना दिलेले सहकार्य येथे उल्लेखनीय ठरते. ख्रिस मायल व जॉन चालेन्को यांनी ओशन यांच्या डोळ्यांच्या व हाताच्या हालचाली यंत्राद्वारे नोंदविल्या. रॉबर्ट सोल्सो यांनी ते रेखाटन करीत असताना त्यांच्या मेंदूचे एफ.एम.आर.आय. चित्रण केले. मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते तेथे प्राणवायुयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो, या तत्त्वावर हे तंत्र आधारलेले आहे. दोन्ही अभ्यास २००१ मध्ये ‘लिओनार्दो’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पहिल्या अभ्यासात असे दिसून आले की, रेखाटताना ओशन यांची नजर समोरच्या चेहऱ्यावर भिरभिरत नाही. ती एकेका तपशिलावर दीर्घकाळ स्थिरावते. दुसऱ्या अभ्यासात त्यांची तुलना चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीशी करण्यात आली. चेहरे ओळखण्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या मागील भागात ओशन यांची सक्रियता कमी, तर उजव्या पुढील भागात अधिक आढळली. सरावामुळे चेहऱ्याचे आकलन त्यांना कमी श्रमात होते व विचाराला अधिक वाव मिळतो, असा अर्थ यातून सुचविला गेला.

मर्यादा :
हे निष्कर्ष सावधपणे स्वीकारावे लागतात. तुलना केवळ एका चित्रकाराची व एका सामान्य व्यक्तीची होती. यंत्रात आडवे पडून केलेले रेखाटन म्हणजे चित्रशाळेतील निर्मिती नव्हे. शिवाय चित्र चांगले की सामान्य, हे रक्तप्रवाहावरून ठरत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नजर कोठे थांबली हे यंत्र सांगते. परंतु तोच तपशील का निवडला, हे चित्रकारच सांगू शकतो. म्हणून चित्रकाराला केवळ प्रयोगाचा विषय न मानता संशोधनातील भागीदार मानणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
बरवे यांच्यासारख्या कलावंताची नोंद आतून मिळते, ओशन यांच्यावरील अभ्यास बाहेरून मिळतो. एकाच निर्मितीविषयी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तरच मनाचे चित्र पूर्णतेकडे जाईल. यासाठी प्रत्येक ठिकाणी महागडी यंत्रे हवीतच असे नाही. रेखाटन करणारा किती वेळा समोर पाहतो व किती वेळ कागदाकडे, हे साध्या व्हिडिओ चित्रीकरणावरूनही मोजता येते. त्यानंतर त्याच व्यक्तीचे निवेदन लिहून घेता येते. ग्रामीण महाविद्यालयांतील मानसशास्त्र विभाग व परिसरातील चित्रकला शिक्षक यांनी एकत्र येऊन असे लघुप्रकल्प हाती घेतल्यास कला आणि विज्ञान या शाखांमधील अंतर काही अंशी तरी कमी होईल.