चहाचं बिल आणि अफूची हुंडी: पहिल्या अफू युद्धाचा हिशेब

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय आहे पहिलं अफू युद्ध, १८३९ ते १८४२. थोडक्यात गोष्ट सगळ्यांना माहीत असते: इंग्रजांनी चीनमध्ये अफू विकली, चीनने अडवलं, लढाई झाली आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. पण मला यात एक प्रश्न नेहमी खटकायचा. जप्त झाला तो खासगी व्यापाऱ्यांचा चोरटा माल. मग त्यासाठी ब्रिटनचं सरकारी आरमार का निघालं? मी सॉफ्टवेअरवाला. कुठली सिस्टीम कळत नसेल तर आधी काय कुठून कुठे जातंय त्याचा माग काढायचा, ही सवय. इथे माग काढायचा पैशाचा.

सुरुवात १७५७ पासून करू. त्या वर्षी चिंग बादशहाने युरोपियन जहाजांसाठी एकच बंदर उघडं ठेवलं: कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझू. तिथेही थेट बाजारात जायचं नाही. सरकारने नेमलेल्या मोजक्या चिनी व्यापाऱ्यांशीच, म्हणजे हाँग व्यापाऱ्यांशीच, व्यवहार करायचा. राहायचं नदीकाठच्या वखारींत, तेही फक्त हंगामापुरतं. बायकांना तिथे आणायचं नाही. हंगाम संपला की मकावला परत.

एवढं सहन करायचं कारण चहा. १७८४ मध्ये ब्रिटनने चहावरचा कर सुमारे ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहाचा खप प्रचंड वाढला. आता चहा घ्यायचा तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं. इंग्रजी लोकरीच्या कापडाला चीनमध्ये फारसं गिऱ्हाईक नव्हतं. भारतातला कापूस जायचा, पण तो पुरेना. म्हणून चांदी मोजावी लागायची, आणि चांदी सतत बाहेर जाणं लंडनला परवडेना.

यावरचा उपाय भारतात सापडला. बिहार आणि बनारस भागात कंपनी शेतकऱ्यांना उचल द्यायची, खसखशीची लागवड करून घ्यायची आणि अफू कलकत्त्याला लिलावात विकायची. चीनमध्ये अफूला बंदी होती, त्यामुळे कंपनी आपल्या जहाजांतून ती नेत नसे. लिलावात पेट्या घ्यायचे खासगी व्यापारी. तेच त्या कँटनच्या नदीच्या मुखाजवळ लिंतिन बेटापाशी नेऊन उभ्या जहाजांवर उतरवत. तिथून चिनी तस्करांच्या वेगवान होड्या रोख चांदी देऊन माल उचलत.

आता नीट बघा. व्यापाऱ्याकडे चांदी आली, पण ती घरी कशी पाठवायची? तो ती कँटनमधल्या कंपनीच्या खजिन्यात भरायचा आणि लंडनवर किंवा कलकत्त्यावर हुंडी घ्यायचा. त्याच चांदीने कंपनी चहा विकत घ्यायची. म्हणजे चहाचं बिल भागायचं अफूतून, आणि कंपनीच्या जहाजात अफूची एक पेटीही दिसायची नाही.

यात आपल्याकडचा धागाही आहे. मालव्यातली अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकायची, त्यामुळे तिच्यावर कंपनीची मक्तेदारी चालेना. कंपनीने अडवलं तर माल कराचीमार्गे पोर्तुगीज दमणला जायचा. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने अडवणं सोडलं आणि मुंबई बंदरातून माल न्यायला परवाना देऊन त्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली. दलाल, सावकार, जहाजमालक, सगळी साखळी मुंबईत उभी राहिली.

१८३८ च्या सुमारास वर्षाला जवळपास ४०,००० पेट्या चीनला जात होत्या. एका पेटीत साधारण ६० किलो अफू. व्यसनाचं नुकसान तर होतंच. पण ज्याने कधी अफूला हात लावला नाही, त्या चिनी शेतकऱ्यालाही फटका बसत होता. त्याची कमाई तांब्याच्या नाण्यांत, सारा मात्र चांदीच्या हिशेबाने. चांदी देशाबाहेर चालली तशी महागली. जिथे एका टेल चांदीला हजारेक नाणी पुरायची, तिथे दीड हजारांहून जास्त लागू लागली. साऱ्याचा दर तोच, पण खिशातून जाणारे पैसे दीडपट.

मार्च १८३९ मध्ये बादशहाचा खास अधिकारी लिन झेशू कँटनला आला. त्याने परदेशी वखारींना वेढा घातला आणि सगळी अफू मागितली. आणि इथेच माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ब्रिटिश सरकारचा तिथला अधिकारी चार्ल्स एलियट याने व्यापाऱ्यांना सांगितलं, अफू माझ्याकडे द्या, भरपाई सरकार देईल. व्यापाऱ्यांनी आनंदाने दिली. २०,००० हून जास्त पेट्या एलियटने ब्रिटिश राणीच्या नावाने लिनच्या ताब्यात दिल्या. जूनमध्ये हूमेन इथे खड्ड्यांत मीठ-चुना घालून ती अफू नष्ट केली गेली. लिनच्या दृष्टीने चोरटा माल संपला. लंडनच्या खातेवहीत मात्र ते सरकारच्या डोक्यावरचं देणं झालं. ते स्वतःच्या तिजोरीतून द्यायचं नसेल, तर चीनकडून वसूल करणं हाच मार्ग उरला.

एप्रिल १८४० मध्ये यावर ब्रिटिश संसदेत मतदान झालं. तरुण ग्लॅडस्टनने युद्धावर कडाडून टीका केली. सरकार वाचलं अवघ्या ९ मतांनी: २७१ विरुद्ध २६२.

लढायला गेलेल्या फौजेत भारतीय शिपाई होते. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला तो 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर, आणि ती बांधली होती मुंबईच्या गोदीत, वाडियांनी. तहात हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली आणि २.१ कोटी चांदीचे डॉलर दंड बसला. त्यातले ६० लाख फक्त नष्ट केलेल्या अफूचे. अफूचा व्यापार पुढे चालेल की थांबेल, यावर तहात एक कलमही नाही. तो चालूच राहिला, आणि दुसऱ्या युद्धाच्या काळात, १८५८ मध्ये, कायदेशीरही झाला.

लिनने नष्ट केलेल्या मालात मुंबईकरांच्या पेट्याही होत्या. त्या काळचे मुंबईतले सर्वांत मोठे व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय. कापूस आणि अफू या दोन्हींत त्यांनी संपत्ती कमावली आणि दानही तसंच मोठं केलं. जे. जे. हॉस्पिटल त्यातलंच. माहीम कॉजवेला पैसे दिले त्यांच्या पत्नी अवाबाईंनी. आजही त्या हॉस्पिटलमध्ये गरिबांवर उपचार होतात, तेव्हा दान खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण 'आम्हीही इंग्रजांचे बळी' एवढंच म्हणून आपल्याला मोकळं होता येत नाही. बिहारचा शेतकरी बळी होता, कँटनच्या तोफांपुढे उभा केलेला शिपाईही. मुंबईचे व्यापारी मात्र या धंद्यात भागीदार होते. हे चीनच्या इतिहासाचं पान आहे, पण त्यावर आपल्या शहराचीही सही आहे.

हा भाग आवडला तर लोकलमधून रोज जाणाऱ्या एखाद्या मित्राला पाठवा. पुढच्या भागात दुसरं अफू युद्ध.