उसाच्या बेटावर एक दिवस

मैत्रिणींनो, ‘आज भाजी काय करू?’ हा प्रश्न पडला नाही, असा दिवस आपल्या संसारात कितीदा येतो? मला तो आला थेट बोटीवर, कॅरिबियन समुद्रात! मुलगा-सून अमेरिकेत असतात. मागच्या डिसेंबरात त्यांनी आम्हां दोघांना फ्लोरिडाहून दहा दिवसांच्या सफरीला नेलं. श्रीरामपूरच्या बाईनं समुद्र पाहिलेला तो मुंबईच्या चौपाटीवरून. पहिले दोन दिवस आलेपाकाच्या वड्या चघळण्यातच गेले.

पण सांगायचं आहे ते एका दिवसाचं. सकाळी डेकवर आले, तर समोर हिरवागार डोंगर! सेंट किट्स बेट. आपल्या तालुक्याहूनही लहान. न्याहारी आयती, भांडी घासायची नाहीत. मी तर साडीला इस्त्री करून सगळ्यांच्या आधी तयार!

बेटावर एक छोटी आगगाडी आहे. १९१२ ते १९२६ या काळात ऊस कारखान्यात नेण्यासाठी हे अरुंद रूळ घातले. आता त्यांवरून प्रवासी फिरतात. गाडी निघाली आणि झुडपांतून पांढरे तुरे डुलताना दिसले. मी ओरडलेच, “अहो, ऊस!” तुरा आलेला, कुणी न तोडलेला, रानोमाळ माजलेला ऊस. हरेगाव, टिळकनगर, प्रवरानगरच्या मुलखातल्या बाईला उसाची ओळख सांगायला नको. पण तोडणीच्या हंगामात असा बेवारशी ऊस मी कधी पाहिला नव्हता.

माहिती देणारी बाई माझ्याच वयाची. तिनं सांगितलं, तीन शतकांहून अधिक काळ या बेटानं साखरेवरच दिवस काढले. २००५ साली शेवटचा कारखानाही बंद झाला. सुरुवातीला हा ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी तोडला, बायकांनीसुद्धा. १८३४ साली इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरी बंद करणारा कायदा लागू झाला आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. मग आपल्याकडून माणसं करारावर नेली. त्रिनिदादला अशी पहिली बोट १८४५ च्या मे महिन्यात लागली. आम्ही बोटीनं आलो मौजेला; ती माणसंही बोटीनंच आली होती, ऊस तोडायला. त्या बाईची आजीही जन्मभर उसाच्या मोळ्या वाहत होती म्हणे. आमच्या हातावर तिनं खोबऱ्याची गोड वडी ठेवली. खाल्ली, पण घशाखाली जरा जडच उतरली.

आता फजितीची गोष्ट. बाजारात रमतगमत हिंडत होतो. बोटीवर परतायची वेळ साडेचार. ह्यांच्या घड्याळात साडेतीनही वाजले नव्हते. तेवढ्यात सूनबाईंचं लक्ष धक्क्यावरच्या घड्याळाकडे गेलं: चार वीस! हिवाळ्यात हे बेट फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं. बोटीवरची घड्याळं पुढे केली होती, ह्यांचं राहिलं होतं. निऱ्या हातात धरून जी धावले, ती शिडीपाशीच थांबले!

म्हणून जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. उतरण्यापूर्वी बोटीवरची वेळ घड्याळात लावा. बोट कुणासाठी थांबत नाही. अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे ना, हे निघण्याआधीच पाहा. बोट लागत असेल तर खोली खालच्या मजल्यावर, मधोमध घ्या. शाकाहारी जेवणाचं आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आणि ताटात हवं तेवढंच वाढून घ्या. तिथं फुकट दिसतं म्हणून फार टाकलं जातं.

रात्री डेकवर चहा घेतला. साखर ढवळताना घरची आठवण झाली. आपल्याकडे तोडणीला येणाऱ्या नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. काम दोघांचं, मोजणी एकाची. इतकी वर्षं हा शब्द ऐकला, पण खटकला तो सातासमुद्रापार!

परत आले तेव्हा हंगाम चालूच होता. पहाटे दारावरून उसाची गाडी चालली होती. वर लेकराला पोटाशी धरून एक बाई कुडकुडत बसलेली. गाडी थांबवली, तिला आत बोलावलं आणि आधी चहा टाकला. साखर जरा जास्तच पडली हातून!