भाला की खंजीर? चांडोलीचं तांब्याचं कोडं

वीकेंड आला की ताथवडे-वाकडची मंडळी नाशिक हायवे पकडतात. चाकणचं ट्रॅफिक, मग राजगुरुनगर, मग मंचर आणि तिथून डावीकडे वळून भीमाशंकर! पण मंचरजवळच घोड नदीच्या काठी चांडोली नावाचं गाव आहे, तिथं कुणी ब्रेक मारत नाही.

१९६० साली डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांनी इथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी जोर्वे संस्कृतीची वस्ती उजेडात आली. तिच्यात तांब्याचं एक टोकदार हत्यारही होतं. कुणी त्याला भाल्याचं पातं म्हणतं, कुणी खंजीर.

अशा हत्याराची ओळख पटवायची तर टोकाकडे नाही, बुडाकडे बघायचं. भाला काठीवर बसतो, म्हणून बुडाला पोकळ नळी तरी हवी किंवा काठीत घुसणारा निमुळता दांडा. इथं मात्र बुडाला दोन फाटे फुटलेत, अगदी नाकतोड्याच्या मिशांसारखे. काठीत खुपसायचं तर या मिशा कशाला? आमचं मत खंजिराला! पात्याच्या मधोमध उभा कणा आहे, भोसकताना पातं वाकू नये म्हणून.

खरी गंमत पुढे आहे. अशी मिशीवाली हत्यारं उत्तर प्रदेशात फतेगढला मिळाली, २०१८ साली सिनौलीच्या दफनांत मिळाली आणि दक्षिणेत कर्नाटकातल्या कल्लूरलाही. चांडोली बरोबर मधल्या वाटेवर! मग हत्यारच आलं, कारागीर आला, की नुसती डिझाइन कॉपी झाली? घोडच्या खोऱ्यात सगळा काळा बेसाल्ट, तांब्याची खाण नाही. म्हणजे तांबं बाहेरूनच आलं, कदाचित राजस्थानातून. म्हणून तर इथले लोक रोजची कापाकापी दगडी पात्यांनी करत. धातूतल्या शिशाची समस्थानिकं तपासली तर खाणीचा माग काढता येतो.

ताथवडे-पुनावळे पट्ट्यात सतत कुठं ना कुठं टॉवरचा पाया खोदला जातोय. असं काही हाती लागलं तर प्लीज चिंच-पितांबरीने घासू नका, हिरव्या थरातच पुरावा असतो. जागेवरच फोटो काढा, कारण नेमकं कुठं सापडलं हे हरवलं की उरतं फक्त भंगार. आणि हो, १८७८च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरातन वस्तू कलेक्टरना कळवावीच लागते.