बाळाचे टोपडे : कधी घालावे, कधी काढावे

गेल्या जानेवारीत एके दिवशी सकाळी दवाखाना उघडताच सव्वादोन महिन्यांचे एक बाळ माझ्यासमोर आले. रात्री दोनपासून ते थांबत नव्हते. पोटदुखीचे थेंब देऊन झाले होते, ओव्याचा शेक झाला होता, दृष्टही काढून झाली होती. ताप नव्हता, पोट मऊ होते, कान स्वच्छ होते. तपासण्यासाठी कपडे उतरवताना आजींनी बाळाचे मोजे तेवढे राहू दिले. बाहेर बोचरा वारा होता आणि मोजे त्यांनी स्वतः विणलेले होते. फिकट पिवळ्या लोकरीचे, काठाला सुरेख जाळी असलेले. मी ते काढावयास सांगितले. उजव्या पायाचे तिसरे बोट जांभळट होऊन सुजले होते आणि त्याच्या मुळाशी, सुजेत जवळजवळ बुडालेला, लोकरीचा एक तंतू आवळून बसला होता.

बारीक कात्री आणि भिंग घेऊन तो तंतू कापावयास दहा मिनिटे लागली. बोटाचा रंग हळूहळू परतला. आत एखादा धागा राहिला नाही ना, याची खात्री करण्यासाठी बाळाला लहान मुलांच्या शल्यचिकित्सकांकडे पाठविले. सुदैवाने काही राहिले नव्हते. अशा बोटाचा रक्तपुरवठा फार काळ बंद राहिला, तर बोट गमवावे लागते. घराघरांत हा अपघात आईच्या गळलेल्या केसानेही होतो.

आजींनी मोजे पिशवीत टाकले आणि त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आता हात नाही लावायची मी सुयांना." मला ते पटले नाही. बाळासाठी हाताने विणणे ही आपल्याकडची चांगली रीत आहे, आणि योग्य वेळी घातलेले टोपडे हा खरोखरच औषधाइतका मोलाचा उपचार असतो. मात्र विणणाऱ्या हातांना काही गोष्टी कोणीतरी सांगावयास हव्यात. त्या दिवशी आजींना घाईत जे सांगितले, तेच येथे सविस्तर मांडतो.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला भेट म्हणून बाळंतविडा देतात. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट आणि बाळंतिणीसाठी पौष्टिक खाऊ असे त्याचे साधारण स्वरूप असते. बाळाचे पहिले कपडे आणि दुपटी पुष्कळदा आजीच्या जुन्या लुगड्याची किंवा आजोबांच्या विटक्या धोतराची असत. यात काटकसर होती, पण शंभर वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ, घाम टिपणारे आणि नवजात त्वचेला न टोचणारे कापड दुसरे नाही, हेही तितकेच खरे. कुंचीचा मागचा लांब पदर मान आणि पाठ झाकतो. बारशाच्या दिवशी खणाची कुंची घातलेले बाळ दिसते गोड, आणि सांभाळलेही जाते. लोकर या सामानात मागाहून आली. पुढे दोन सुयांवरचे आणि क्रोशाचे विणकाम मध्यमवर्गीय घरांत असे रुळले की, सातव्या महिन्यात ओटीभरण झाले की कोणी ना कोणी लोकरीचा गुंडा हाती घेऊन बसलेले दिसतेच.

आता टोपड्याच्या वैद्यकीय बाजूकडे वळू. प्रौढ माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण आठव्या हिश्श्याइतके असते. नवजात बाळाचे मात्र चौथ्या हिश्श्याइतके. म्हणजे त्याच्या इवल्या शरीराची मोठी उघडी बाजू डोकेच असते. बाळ जन्मते ते ओले, आईच्या पोटातल्या उबेतून एकदम खोलीच्या हवेत. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यातून उष्णता निर्माण होते. नवजात बाळाला तसे कुडकुडता येत नाही. मान, पाठ आणि मूत्रपिंडांभोवती साठविलेली एक विशेष तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ हा साठाही तुटपुंजा असतो. ऊब टिकविण्यात शक्ती खर्च झाली की वजन वाढत नाही, साखर उतरते, दूध ओढण्याचा जोर कमी होतो, आणि दूध कमी गेले की ऊब आणखी घटते.

बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट असावे. ३६.५ च्या खाली गेले की बाळ गारठू लागले असे समजावे. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे करणे, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, डोक्यावर टोपडे घालणे आणि पहिली अंघोळ किमान २४ तास लांबविणे असा क्रम जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी काचपेट्यांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून सुरू केलेली कांगारू मातृसेवा आज जगभर रुजली आहे. तीत बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपडे एवढेच असते. बाकीची ऊब आईची. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी छातीशी धरले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.

आपल्या गडचिरोलीचे उदाहरण तर घरचेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी दिसला. हे एकट्या उबेचे यश नव्हे. जंतुसंसर्गावरील उपचार, श्वास सुरू करण्याचे कौशल्य आणि स्तनपान यांचा त्यात मोठा वाटा होता. पण बाळाला उबदार ठेवणे हा त्या शिकवणीतला एक धडा होता. आज आशा ताई घरी येऊन बाळाचे तापमान आणि वजन पाहतात, ती पद्धत तेथूनच देशभर गेली.

इतके वाचून कोणी बाळाला बारा महिने लोकरीत गुंडाळील, म्हणून दुसरी बाजू लगेच सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या दुपारी तीन आठवड्यांचे एक बाळ 'तापाने फणफणले' म्हणून धायरी फाट्याकडून रिक्षाने आणले होते. अंगात झबले, त्यावर स्वेटर, डोक्याला लोकरीचे टोपडे, त्यावर कुंची आणि सगळ्यावरून दुपटे. तापमान ३८ अंशांच्या जरा खाली भरले. सगळे उतरवून, पंख्याच्या झोताबाहेर सुती झबल्यावर ठेवले आणि आईने पाजले. अर्ध्या तासाने ते ३७.१ झाले. बाळंतिणीला आणि बाळाला वारा लागू नये, ही समजूत पौषात शहाणपणाची आहे. वैशाखात तीच बाळाला कोमेजवते.

येथे एक सावधगिरी सांगतो. कपडे उतरवून अर्ध्या तासाने काखेत मोजलेले तापमान तरीही ३७.५ किंवा अधिक असेल, बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल किंवा त्याचा श्वास जलद चालत असेल, तर 'जास्त कपड्यांनी झाले असेल' असे म्हणत घरी थांबू नये. दोन महिन्यांखालील बाळाचा ताप त्याच वेळी डॉक्टरांना दाखवावा. उलट बाळ गार लागत असेल, छातीशी धरूनही गरम होत नसेल, तरीही तेच करावे.

घरी थर्मामीटर हाताशी नसेल, तर आपल्या हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावावी. दोन्ही कोमट असतील तर बाळ सुखात आहे. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजते आहे. टोपडे, मोजे आणि आईची कूस हवी. दोन्ही गार असणे हे धोक्याचे लक्षण. मानेमागे घाम असेल तर टोपडे काढावे.

झोपेतील टोपड्याविषयी मला वारंवार विचारले जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की, जन्मानंतरचे पहिले काही तास सोडले तर निरोगी बाळाला घरात टोपी घालू नये. जास्त उष्णता आणि तोंडावर सरकलेली टोपी ही दोन्ही झोपेतील बाळाला घातक ठरू शकतात. तिकडची घरे थंडीत यंत्राने गरम ठेवलेली असतात, हे मात्र विसरून चालणार नाही. डिसेंबरच्या पहाटे पुण्याचा पारा दहाच्या आसपास येतो आणि धायरी-नऱ्हे भागात पत्र्याच्या खोल्यांत राहणारी कितीतरी कुटुंबे माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगतो : बाळ एक महिन्याच्या आतले किंवा अडीच किलोहून कमी वजनाचे असेल आणि खोली खरोखर गार असेल, तर बंद नसलेले, डोक्याला नीट बसणारे पातळ सुती टोपडे रात्री असू द्यावे आणि आईने अधूनमधून मानेला हात लावून पाहावे. मोठ्या, धष्टपुष्ट बाळाचे टोपडे झोपताना काढावे. बाहेर नेताना, सिंहगड रस्त्यावर दुचाकीवरून तर नक्कीच, ते घालावे. (तान्ह्या बाळाला दुचाकीवरून नेऊच नये हे खरे, पण ते म्हणणे कोण ऐकतो?)

आता विणकामाचे. तुळशीबागेच्या आसपास 'लोकर' म्हणून मिळते ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते. ते धुण्यास सोपे आणि स्वस्त असते, पण घाम टिपत नाही आणि विस्तव लागला तर वितळून त्वचेला चिकटते. अनेक घरांत अजूनही अंघोळीनंतर बाळाला शेगडीवर धुरी देतात. धुराने बाळाच्या फुप्फुसांना त्रासच होतो, म्हणून ती देऊ नये असेच माझे मत. पण शेगडीजवळ अॅक्रिलिकचे टोपडे घातलेले बाळ पाहिले की माझ्या अंगावर काटा येतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी मऊ सुती धागा घ्यावा. अस्सल लोकर उबदार खरी, पण ती टोचते आणि काही बाळांना तिने पुरळ येते. ती वापरायचीच असेल तर आत सुती अस्तर लावावे.

पुरे दिवस भरलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो. तिसऱ्या महिन्यात तो ४० च्या आसपास, सहाव्यात ४३ आणि वर्षाला ४६ होतो. टोपडे घेरापेक्षा तीन-चार सेंटीमीटर कमी ठेवून दोन सुलट, दोन उलट अशा ताणल्या जाणाऱ्या विणीने काढावे, म्हणजे ते सैल होऊन डोळ्यांवर येत नाही. हनुवटीखाली बांधायचे बंद आणि लोंबती फुले टाळावीत. मणी, मोती आणि बटणे कितीही घट्ट शिवली तरी एके दिवशी सुटतात, आणि सुटली की तोंडात जातात.

मोज्यांत आणि हातमोज्यांत तर जाळी नकोच. धाग्यांची टोके आत तीन-चार सेंटीमीटर फिरवून पक्की दडवावीत. नंतर मोजा उलटा करून आपलेच बोट आत फिरवून पाहावे. बोटाला धागा अडकला तर बाळाच्या बोटाला तो अडकणारच. हे प्रत्येक धुण्यानंतर करावे. विनाकारण रडणाऱ्या बाळाची हातापायांची सगळी बोटे एकेक करून पाहावीत. मुलग्याच्या शिश्नाभोवतीही असा केस वा धागा आवळलेला सापडतो, म्हणून लंगोट उघडून तेथेही पाहावे.

अलीकडे क्रोशाच्या ऑक्टोपसचे वेड आले आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ साली काही स्त्रियांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ही खेळणी विणली. बाळ नळ्या ओढण्याऐवजी त्याचे पाय धरते, अशी कल्पना. ती गोड आहे, पण तिचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही. घरी झोपलेल्या बाळाशेजारी असे खेळणे ठेवू नये. सोसायटीतील महिला मंडळाला रुग्णालयासाठी काही विणायचे असेल, तर आधी नवजात विभागातील परिचारिकांना भेटून माप, धागा आणि संख्या विचारावी. त्यांना बहुधा उकळत्या पाण्यात टिकणारी साधी सुती टोपडीच हवी असतात, तीही लहान मापाची. भिजलेले टोपडे उघड्या डोक्यापेक्षा वाईट, म्हणून एकेका बाळाला तीन-चार तरी लागतात.

त्या आजी होळीच्या सुमारास रक्तदाब तपासावयास आल्या, तेव्हा पिशवीत पुन्हा सुया होत्या. डोंबिवलीच्या धाकट्या सुनेला वैशाखात दिवस भरणार होते आणि त्यांनी नवजात मापाचा लोकरीचा पूर्ण संच घेतला होता. वैशाखात, डोंबिवलीत लोकर! मी तसे म्हणताच त्या खट्टू झाल्या. "मग एवढी लोकर काय करू?" मी हिशेब मांडला : बाळ मे महिन्यात येणार, थंडी डिसेंबरात, तोवर ते सात महिन्यांचे होईल आणि डोक्याचा घेर ४४ सेंटीमीटरच्या जवळ जाईल. आजींनी तेथेच बाकावर बसून अर्धे झालेले टोपडे उसवले आणि सुईवर नव्याने टाके घालताना मला विचारले, "चव्वेचाळीसला चाळीस धरू ना?"