दारातून येणारे जंतू

औषधाला दाद न देणारे जंतू रुग्णालयातच निपजतात आणि तेथे गेलेल्या रोग्याला चिकटतात, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. तीत तथ्यही होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूपुढे पेनिसिलिन निकामी ठरू लागले, म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलिन आले. आणि १९६१ मध्येच इंग्लंडातील रुग्णालयांतून त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूंची वार्ता आली. ही औषधे जंतूची भिंत रचणाऱ्या गवंड्याचे हात धरून ठेवतात. या नव्या वाणाने असा दुसरा गवंडी ठेवला आहे, की ज्याचे हात औषधाच्या पकडीत सहसा सापडतच नाहीत. भिंत आपली उभी राहते!

पण आम्हांस आज सांगावयाचे आहे ते रुग्णालयाच्या आतले नव्हे, दारातले. ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेतील ११ शहरांत, गळू किंवा चिघळलेली जखम घेऊन कॅज्युअल्टीत आलेले ४२२ प्रौढ रोगी तपासण्यात आले. २४९ जणांत, म्हणजे शेकडा ५९ जणांत, हेच हट्टी जंतू निघाले. आणि ते जवळजवळ सारे बाहेर, वस्तीत पसरलेल्या एकाच वाणाचे होते.

डॉक्टरची अडचण येथे सुरू होते. पुवातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून कोणते औषध चालेल हे कळावयास दोनेक दिवस जातात. रोगी तर समोर कण्हत असतो. तेव्हा अंदाजानेच औषध द्यावे लागते. हे जंतू असलेल्या ज्या १७५ जणांना औषध मिळाले, त्यांतील १०० जणांचे औषध त्यांच्या जंतूवर चालणारे नव्हते. तरीही पुढे ज्यांची विचारपूस झाली ते बहुतेक सुधारले होते, कारण गळू फोडून पू काढणे हाच तेथला मुख्य उपचार. जंतू रक्तात शिरला असेल तर मात्र सुरीचा उपयोग नाही. मग पहिल्या रात्रीचा चुकलेला अंदाज जिवावर बेततो.

शिवाय वाहक आजारी असतोच असे नाही. दहांतील सुमारे तिघांच्या नाकात हा जंतू काही त्रास न देता मुक्कामाला असतो, आणि त्याचा हट्टी भाऊही तेथेच राहू शकतो. म्हणून नेदरलँड्समध्ये परदेशी रुग्णालयात राहून आलेल्या रोग्याला आधी वेगळ्या खोलीत ठेवून त्याच्या नाका-घशातले नमुने तपासतात. आपल्याकडे इतक्या खोल्या कोठून आणाव्या? रोग्याला कॅज्युअल्टीत नेताना, गेल्या काही महिन्यांत तो कोठे दाखल होता व कोणत्या गोळ्या घेत होता, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगता येते. घरात राहिलेली अर्धी पट्टीही बरोबर नेता येते.