भाकरी, चटणी आणि मूठभर दाणे

बदाम-अक्रोड परवडत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी कराड-पाटण-वाळव्याकडचा भुईमूग आठवावा. हा खरं तर कडधान्यांचा भाऊबंद, पण गुणांनी सुक्यामेव्यात बसणारा. 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात, बदामापेक्षा थोडी जास्तच. शिवाय नायसिन, फोलेट, मॅग्नेशियम. कॅल्शियम आणि ई जीवनसत्त्वात मात्र बदाम पुढे. दाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं. त्यातलं बहुतेक असंपृक्त. तूप-वनस्पतीच्या जागी असं तेल पोटात गेलं, तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. वरून भर घातली, तर वजन वाढतं! मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम दाण्यांत 170 कॅलरी येतात.

भाकरी आणि दाण्याची चटणी म्हणजे पूर्ण जेवण, हे मला पटत नाही. लायसीन हे अमिनो आम्ल ज्वारीत कमी, दाण्यातही कमीच. मटकीची उसळ, पिठलं किंवा दही ती उणीव भरून काढतं.

ओलसर पोत्यातल्या दाण्यांवर बुरशी धरते. तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असून भाजल्यानंही पुरतं जात नाही. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा सरळ फेकावा.